विश्लेषण : ओट्सच्या पिठाचे पॅनकेक खरोखर ‘ग्लुटेनमुक्त’ असतात का?

गहू पूर्ण बंद करा, असे डॉक्टरांनी सांगितले की घरात सर्वात आधी अडतो तो सकाळचा नाश्ता. पोळी, पराठा, उपमा, शेवया, ब्रेड, बिस्किटे हे सगळे एकदम बाद होते. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि ओट्सच्या पिठाच्या पॅनकेकच्या पाककृती समोर येतात. करायला सोपे, मुलांना आवडणारे आणि वर ‘ग्लुटेनमुक्त’ असा शिक्का. मात्र किराणा दुकानातल्या साध्या पाकिटातील ओट्स सीलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी सुरक्षित असतीलच असे नाही. असे का, सुरक्षित ओट्स कसे ओळखावेत, घरी पॅनकेक कसे करावेत आणि धानाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात यापेक्षा जवळचा पर्याय कोणता, याविषयी...

ग्लुटेन म्हणजे काय? ते कोणाला बाधते?

ग्लुटेन हे गव्हातील प्रथिन आहे. कणिक मळल्यावर तिला जो लवचीकपणा येतो, पोळी लाटताना ती फाटत नाही, ब्रेड फुगतो, ते सारे ग्लुटेनमुळे. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली चोळत राहिल्यास पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेच ग्लुटेन. जव आणि राय या धान्यांतही याच जातीची प्रथिने असतात.

बहुतेकांना ग्लुटेनचा काहीही त्रास होत नाही. सीलिअ‍ॅक आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्लुटेन पोटात गेल्यावर लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. या अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, पोट फुगणे, वजन न वाढणे, मुलांची उंची खुंटणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे, अशी लक्षणे दिसतात. काहींमध्ये पोटाची तक्रार जवळपास नसते आणि फक्त थकवा किंवा रक्तक्षय असतो. यावर औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन पूर्ण टाळणे हाच उपचार आहे.

गहू आणि या आजाराचा संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात तेथे अन्नाची भीषण टंचाई झाली. डिके त्याआधीपासूनच गहू वगळलेल्या आहाराचा अनुभव घेत होते. ब्रेड मिळेनासा झाल्यावर आजारी मुले सुधारली आणि तो परत मिळू लागल्यावर पुन्हा बिघडली, हे त्या काळात ठळकपणे दिसले. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

भात खाणाऱ्या भागात हा आजार असतो का?

जगात साधारण शंभरात एकाला सीलिअ‍ॅक असतो, असे मानले जाते. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांत २३,३३१ प्रौढांची तपासणी करून केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराशी संबंधित प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आजाराची शक्यता वाढवणारी जनुके मात्र तिन्ही भागांत साधारण सारख्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे एकतृतीयांश लोकांत होती. उत्तरेत रोजचे गव्हाचे सेवन सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम होते. केवळ गव्हाच्या प्रमाणावरून सारे स्पष्ट होत नाही, हे ईशान्येच्या आकड्यावरून दिसते. तरीही भातखाऊ भाग म्हणून आजार नाहीच, असे म्हणता येत नाही, हे यातून पुरेसे कळते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धान आणि राईस मिलसाठी ओळखला जातो. पण येथील ताटात आता फक्त भात नाही. पोळी आहे, चहासोबत बिस्किटे आणि टोस्ट आहेत, मुलांच्या डब्यात नूडल्स आहेत. त्यामुळे ‘आपण तर भात खाणारे, आपल्याला गव्हाचा आजार कसा होईल’ या समजुतीत अर्थ नाही. उलट या समजुतीमुळे तपासणी लांबते.

पूर्व विदर्भात निदान चुकण्याचा धोका कुठे आहे?

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. देशातून हा आजार हटवण्यासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. या भागात एखाद्याचे हिमोग्लोबिन सतत कमी राहिले तर आधी सिकलसेलची तपासणी होणे योग्यच आहे. ती तपासणी निर्दोष आली, लोहाच्या गोळ्या नियमित घेतल्या आणि तरीही रक्त वाढत नसेल, तर मात्र ‘खाणेपिणे बरोबर नाही’ एवढ्यावर थांबू नये. सीलिअ‍ॅकची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. मुलाची उंची आणि वजन वयाच्या मानाने मागे पडत असेल, तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा.

पहिली तपासणी रक्ताची असते. तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. तिच्यासोबत रक्तातील एकूण आयजीएचे प्रमाणही पाहतात, कारण ते मुळातच कमी असल्यास निकाल फसवा येऊ शकतो. त्यानंतर गरजेनुसार दुर्बिणीतून लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला जातो.

येथे एक चूक वारंवार होते. शंका आली की घरचे आधी गहू बंद करतात आणि काही महिन्यांनी तपासणीला जातात. तोपर्यंत रक्तातील प्रतिपिंडे उतरलेली असतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागलेले असते आणि आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. त्यामुळे आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम पाळावा. ओट्सच्या पॅनकेकचा विचारही त्यानंतरच करावा.

ओट्समध्ये ग्लुटेन असते का?

ओट्स म्हणजे हिंदीतील जई. या धान्यात गव्हातील ग्लुटेन नसते. त्यात अ‍ॅव्हेनिन नावाचे वेगळे प्रथिन असते आणि ते सीलिअ‍ॅकच्या बहुतेक रुग्णांना चालते. थोड्या रुग्णांना मात्र शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. म्हणूनच देशोदेशींचे नियम वेगवेगळे आहेत. कॅनडाने २०१५ पासून शुद्ध ओट्सवर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यास परवानगी दिली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ओट्स असलेल्या पदार्थावर तसे लिहिता येत नाही.

खरी अडचण ओट्सच्या दाण्यात नसून त्याच्या प्रवासात आहे. ओट्स अनेकदा गहू किंवा जवाच्या शेजारी, किंवा आदल्या हंगामात ही पिके घेतलेल्या शेतात पिकतात. कापणीचे यंत्र, ट्रक, गोदाम, सोलण्याचा आणि चपटे करण्याचा कारखाना हे सारे अनेकदा सामाईक असते. प्रत्येक टप्प्यावर गव्हाचे थोडे दाणे मिसळतात. गव्हाची ज्यांना बाधा नाही, त्यांच्या दृष्टीने ही भेसळ नव्हेच. सीलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी मात्र तेवढे दाणे पुरेसे ठरतात.

गव्हाच्या एका दाण्याने काय बिघडते?

याचा हिशेब घरीही करता येतो. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅम वजनाचा असतो. त्यात सुमारे ४ मिलिग्रॅम ग्लुटेन असते. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थासाठी भारतातील मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. आंतरराष्ट्रीय अन्न मानकांतही हीच मर्यादा आहे. आता ५० ग्रॅम ओट्समध्ये, म्हणजे एका माणसाच्या नाश्त्यात, गव्हाचा एकच दाणा आला असे समजा. ५० ग्रॅमला ४ मिलिग्रॅम म्हणजे किलोला ८० मिलिग्रॅम. मर्यादेच्या चौपट!

एक दाणा कधीतरी पोटात गेला म्हणून लगेच आतडे खराब होते, असे नाही. प्रश्न रोजचा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिले असता आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन बहुतेकांना सोसते, असे मानले जाते. एक ग्रॅम कणकेत सुमारे ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे चिमूटभर कणकेतही दिवसाची ही मर्यादा ओलांडली जाते. ‘थोडेसे चालते हो’ हे पाहुण्यांचे आग्रहाचे वाक्य या घरात का चालत नाही, ते यावरून कळावे.

ओट्स निवडून घेतले तर? ते शक्य होत नाही. चपट्या केलेल्या ओट्समध्ये गव्हाचा चपटा दाणा सहज ओळखू येत नाही आणि धुऊन ग्लुटेन जात नाही.

पाकिटावर काय पाहावे?

पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच ते ओट्स घ्यावेत. ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘पूर्ण धान्य’, ‘मैदा नाही’ या शब्दांचा ग्लुटेनशी संबंध नाही. ‘कमी ग्लुटेन’ हा वेगळा वर्ग आहे. त्यात किलोमागे २० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असू शकते, म्हणून सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने तो घेऊ नये.

त्यानंतर पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचावी. मसाला ओट्स किंवा चवीचे ओट्स टाळावेत, कारण त्यातील मसाला, माल्ट किंवा चवीच्या मिश्रणातून गहू आणि जव येऊ शकतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबल नियमांत ग्लुटेनयुक्त तृणधान्यांच्या अ‍ॅलर्जी यादीत गहू, राय आणि जवासोबत ओट्सचेही नाव आहे. त्यामुळे ओट्सच्या पाकिटावर अ‍ॅलर्जीची सूचना दिसली तर गोंधळून जाऊ नये. ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द आणि ‘गहू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार’ अशी ओळ आहे का, या दोन गोष्टी शोधाव्यात. सुटे, वजनावर मिळणारे ओट्स घेऊच नयेत. किराणा दुकानात एकच माप गव्हाच्या, रव्याच्या आणि ओट्सच्या पोत्यात जाते.

जव, जवस, जई, सातू : नावांचा घोळ कसा टाळावा?

गोंदियात मराठी, हिंदी, पोवारी आणि छत्तीसगडी एकाच बाजारात बोलल्या जातात. त्यामुळे नावांची गल्लत सहज होते आणि येथे ती महागात पडू शकते.

जई म्हणजे ओट्स. ग्लुटेनमुक्त शिक्का असेल तरच चालतात.

जव म्हणजे बार्ली. यात ग्लुटेनजातीचे प्रथिन असते. अजिबात चालत नाही. माल्ट जवापासूनच बनते, त्यामुळे माल्ट घातलेली दुधाची पावडरही बाद.

जवस म्हणजे अळशी. ही तेलबी आहे, तिच्यात ग्लुटेन नसते. धानाच्या बांध्यांत लाखोळीसारखेच हे पीक आपल्याकडे घेतले जाते. ‘जव’ आणि ‘जवस’ यांत एकाच अक्षराचा फरक असला तरी रुग्णाच्या दृष्टीने एक विष आणि दुसरे अन्न आहे.

सातू हा शब्द सर्वात फसवा. मराठीत सातू म्हणजे जव. घरोघरी होणाऱ्या सातूच्या पिठात भाजलेले गहू आणि डाळ असते. हिंदी पट्ट्यातला सत्तू मात्र बहुधा भाजलेल्या हरभऱ्याचा असतो. दुकानदाराला नुसते नाव विचारू नये, ‘यात काय काय दळले आहे’ असे विचारावे.

रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडई हे सारे गव्हाचेच. हिंगाचीही डबी वाचावी. बाजारातील बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो.

ओट्स चक्कीवर का दळू नयेत?

पाकिटातून आणलेले शुद्ध ओट्स गल्लीतल्या पिठाच्या चक्कीवर नेले तर सगळी काळजी तेथे वाया जाते. चक्कीच्या दगडांत, वरच्या तोंडात आणि खालच्या कापडी नळीत आधीच्या गव्हाचे पीठ अडकलेले असते. तुमच्या दळणात ते मिसळतेच. घरी बसवलेल्या छोट्या चक्कीत गहू दळला जात असेल तर तीही चालणार नाही. हीच गोष्ट तांदूळ, ज्वारी आणि बेसनाच्या दळणालाही लागू आहे. मुळात ग्लुटेन नसलेले धान्य चक्कीवर जाऊन ग्लुटेन घेऊन परत येते.

ओट्सला चक्कीची गरजही नाही. ते मऊ असल्याने मिक्सरमध्ये मिनिटभरात बारीक होतात. त्यासाठी मिक्सरचे एक भांडे वेगळे ठेवावे. चाळणीही वेगळी हवी, कारण कणकेची चाळणी कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहते. लाकडी पोळपाट-लाटणे आणि लाकडी चमचे यांच्या रेषांतही कणिक अडकते. रुग्णासाठी वेगळा तवा, वेगळा सराटा आणि झाकणाचा वेगळा डबा एवढे केले तर निम्मे काम होते. पोळ्या लाटून झाल्यावर लगेच पॅनकेक करायला घेऊ नये. हवेत उडालेली कणिक ओट्यावर बसते. आधी पॅनकेक, मग पोळ्या, हा क्रम सोपा आणि सुरक्षित आहे.

घरी पॅनकेक कसे करावेत?

साहित्य : ग्लुटेनमुक्त ओट्स १०० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठी वाटी. घरी दळलेले तांदळाचे पीठ २ मोठे चमचे. बेकिंग पावडर १ छोटा चमचा. चिमूटभर मीठ. एक पिकलेले केळे. एक अंडे. दूध सुमारे १५० मिलिलिटर. तव्यासाठी थोडे तेल किंवा तूप. केळे नको असल्यास एक मोठा चमचा किसलेला गूळ दुधात विरघळवून घ्यावा.

ओट्स कोरड्या भांड्यात बारीक दळून चाळून घ्यावेत. त्यात तांदळाचे पीठ, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करावे. दुसऱ्या भांड्यात केळे कुस्करून त्यात अंडे आणि दूध घालून फेटावे. मग दोन्ही मिश्रणे एकत्र करून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळावे. हे मिश्रण दहा मिनिटे झाकून ठेवावे. ओट्स पाणी शोषतात, त्यामुळे ते घट्ट होईल. इडलीच्या पिठापेक्षा थोडे सैल राहील इतके दूध किंवा पाणी वाढवावे.

तवा मध्यम आचेवर तापवून थोडे तेल पुसावे आणि आच मंद करावी. पळीभर मिश्रण टाकून तळहाताएवढेच पसरू द्यावे. वर बुडबुडे फुटून कडा कोरड्या दिसल्या की, म्हणजे दोन ते तीन मिनिटांनी, उलटावे. दुसरी बाजू दीड-दोन मिनिटांत होते. एवढ्या साहित्यात सहा पॅनकेक होतात.

अंडे न खाणाऱ्या घरात एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. तिचा चिकट लगदा अंड्याचे काम बऱ्यापैकी करतो. सीलिअ‍ॅकचे नुकतेच निदान झालेल्या काही रुग्णांना आतडे भरून येईपर्यंत दूधही पचत नाही. त्यांच्यासाठी दुधाऐवजी पाणी घ्यावे. तिखट आवडत असेल तर केळे आणि बेकिंग पावडर वगळून ताक, बारीक चिरलेला कांदा, सांबार, हिरवी मिरची आणि जिरे घालावे. सांबार म्हणजे अर्थात आपल्याकडची कोथिंबीर.

पॅनकेक मोडतात किंवा आतून कच्चे का राहतात?

गव्हाच्या पिठात ग्लुटेनची जाळी तयार होते आणि ती वाफ धरून ठेवते. ओट्समध्ये ही जाळी नाही. तिच्या जागी ओट्समधील बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू आणि अंड्यातील प्रथिन काम करतात. बीटा-ग्लुकनला पाणी शोषायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटे थांबणे महत्त्वाचे. ही पायरी टाळली की पॅनकेक उलटताना तुटतात. मोठा पॅनकेकही तुटतो, म्हणून आकार लहान ठेवावा.

आच मोठी असेल तर बाहेरून करपतो आणि आत चिकट राहतो. नुसत्या ओट्सचा पॅनकेक थोडा गिचका लागतो. तांदळाचे पीठ घातल्याने कडा कुरकुरीत होतात. मिश्रण जास्त वेळ ठेवल्यास बेकिंग पावडरचा जोर जातो, म्हणून अर्ध्या तासात सगळे तव्यावर घालून संपवावे.

किती खावेत? सुरुवात कधी करावी?

निदान झाल्यावर लगेच ओट्स सुरू करू नयेत. आधी गहू, जव आणि राय बंद करून तब्येत सुधारू द्यावी आणि रक्ताची तपासणी सुधारल्याचे डॉक्टरांनी पाहिल्यावर थोड्या ओट्सपासून सुरुवात करावी. एकाच वेळी सर्व बदलले आणि त्रास झाला, तर तो कशाचा हे कळत नाही.

सर्वसाधारण सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसाला ५० ते ७० ग्रॅम आणि मुलांनी २० ते २५ ग्रॅम कोरड्या ओट्सची मर्यादा पाळावी. वरील पाककृतीतील एका पॅनकेकमध्ये १६ ते १७ ग्रॅम ओट्स जातात. म्हणजे लहान मुलाला दिवसाला एक, फार तर दीड आणि मोठ्या माणसाला तीन ते चार पुरेसे. खाल्ल्यानंतर पोट फुगणे, जुलाब किंवा पुरळ असा त्रास परत परत झाला तर ओट्स बंद करून डॉक्टरांना सांगावे.

मग ओट्सच हवेत का? आपल्याकडे काय आहे?

पॅनकेक हे नाव नवे असले तरी पातळ पीठ तव्यावर घालून भाजण्याची रीत झाडीपट्टीला नवी नाही. आपल्याकडचे आयते, सीमेपलीकडे छत्तीसगडातील चीला, कोकणातील घावन आणि आंबोळी हे एकाच कुळातले पदार्थ आहेत आणि ते मूळचे तांदळाचे आहेत. सीलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी आयते हा ओट्सपेक्षाही सुरक्षित नाश्ता आहे. तांदळात ग्लुटेन नाही, अ‍ॅव्हेनिनही नाही आणि त्यासाठी महागडे पाकीट शोधावे लागत नाही.

फक्त चक्कीचा प्रश्न उरतो. त्यावरही उपाय आहे. तांदूळ निवडून, तीन-चार वेळा धुऊन पाच-सहा तास भिजवावेत आणि मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात पाणी घालून बारीक वाटावेत. ताकासारखे पातळ करून तव्यावर घालावे. गूळ घातला की गोड आयते, मिरची-सांबार घातले की तिखट. कणी स्वस्त मिळते आणि या कामाला चालते. राईस मिलमध्ये फक्त धानच भरडले जात असल्याने तेथून थेट घेतलेल्या तांदळात किंवा कणीत गहू मिसळण्याची शक्यता किराणा दुकानापेक्षा कमी असते. जिल्ह्यातील तलावांतून निघणाऱ्या शिंगाड्याचे पीठ, ज्वारी, मूग आणि बेसन यांचेही असेच आयते होतात. त्यांच्या पिठातही चक्कीची काळजी तीच.

नुसता तांदूळ खाण्यात एक उणीव आहे. त्यात तंतू कमी असतात. ओट्स येथे उपयोगी पडतात, कारण त्यात तंतू आणि प्रथिने तांदळापेक्षा जास्त आहेत. त्यामुळे दोन्हींची जागा ठरवून घेता येते. रोजच्या नाश्त्याला तांदूळ, ज्वारी किंवा मुगाचे आयते आणि ग्लुटेनमुक्त ओट्सचे पाकीट मिळाले तर आठवड्यातून दोन-तीनदा पॅनकेक. पाकीट मिळाले नाही म्हणून साधे ओट्स घेण्यापेक्षा त्या दिवशी आयतेच करावेत.

ज्यांना सीलिअ‍ॅक नाही, त्यांचे काय?

सीलिअ‍ॅक, गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा गव्हाने होणारा सिद्ध त्रास नसेल तर ग्लुटेन सोडण्याने काही विशेष लाभ होतो, असे दिसत नाही. वजन कमी करण्यासाठी गहू बंद करून ग्लुटेनमुक्त बिस्किटे खाण्यात तर काहीच हशील नाही. त्यात मैद्याऐवजी दुसरे पिष्ट आणि भरपूर साखर असते. अशा घरांत साध्या ओट्सचे पॅनकेक जरूर करावेत. तो चांगला नाश्ता आहे, फक्त त्याला ग्लुटेनमुक्त म्हणू नये. कारण तोच पॅनकेक उद्या शेजारच्या मुलाच्या डब्यात जाऊ शकतो. त्या मुलाला सीलिअ‍ॅक असेल तर डबा भरणाऱ्या आईने दोन गोष्टी आधी विचाराव्यात. ओट्स कोणत्या पाकिटातले आणि ते कुठे दळले? यांपैकी एकाचेही उत्तर ठामपणे मिळाले नाही, तर त्या दिवशी डब्यात आयते द्यावेत.